भाडं वाचलं, मग पैसे गेले कुठं? दुकान आणि ऑनलाइन, दोन्हीकडचा न दिसणारा खर्च

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, त्यावरून देशभर आरडाओरडा झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडं जो तो चप्पलवाल्याला एकच सल्ला देतोय, "दुकानात काय बसलायस भावा, ऑनलाइन टाक की, भाडं नाही, लाईटबिल नाही, नुसता नफा." सल्ला देणारा स्वतः बहुतेक वेळा काहीच विकत नसतो हा भाग वेगळा. आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरच्या महाद्वार रोडला पिढ्यानपिढ्या दुकान असलेले लोक म्हणतात की ऑनलाइनवाले भाव पाडून विकतात, आमचं दुकान स्वतःचं आहे, आम्हाला खर्चच नाही. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

माझं काम छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचं. चप्पल, कापड, मसाला, इमिटेशन दागिने, सगळ्या प्रकारच्या वह्या डोळ्याखालून जातात. त्यातनं एक गोष्ट पक्की कळली की दुकानाचा खर्च तारखेला बांधलेला असतो आणि ऑनलाइनचा पार्सलला. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक येवो न येवो, एक तारीख आली की पैसे जाणार. ऑनलाइनला ऑर्डरच आली नाही तर जवळपास काही जात नाही, पण प्रत्येक पार्सलमागं दहा जण आपापला वाटा काढून घेतात आणि पार्सल परत आलं तर तुम्हीच वरून पैसे देता. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे सोपं जाईल.

आधी दुकान घेऊ, कारण तिथला खर्च लोकांना माहीत आहे असं वाटतं.

समजा तुम्ही चप्पल लाईनच्या आसपास एक छोटा गाळा घेतला. भाडं २५,०००, एक कामगार १२,०००, लाईट ४,०००. झाले ४१,०००. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. चप्पल कारागिराकडनं ७०० ला घेतली, बोर्डावर किंमत १,२००, पण आपल्याकडं घासाघीस केल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही त्यामुळं ती १,१०० ला जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या चपलेला ५ टक्के जीएसटी आहे, तो या १,१०० च्या आतच धरला तर तुमच्या हातात १,०४८ उरतात, त्यातनं ७०० गेले, पिशवी-बिशवीचे ८ गेले, राहिले ३४०. आता ४१,००० भागिले ३४०, म्हणजे १२१ जोड विकले की खर्च निघाला. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला पाचच्या आत. माणूस म्हणतो एवढं तर सहज होतंय, आणि सही करून टाकतो.

मग एकेक निघायला लागतं. व्यापारी वापराचा घरफाळा राहत्या घरापेक्षा जास्त असतो, आणि तो मालकानं भरायचा की भाडेकरूनं हे करारात कुठंतरी बारीक अक्षरात असतंय, सही करताना ते कोणी वाचत नाही. महापालिकेची परवाना फी. महावितरणचा स्थिर आकार, जो महिनाभर कुलूप असलं तरी लागतो. साऊंडबॉक्सचं भाडं. युपीआयला तसा चार्ज नाही, पण पुण्या-मुंबईच्या टुरिस्टनं क्रेडिट कार्ड पुढं केलं की साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१०० ला २६ रुपये गेले. विमा. गिऱ्हाइकाला चहा, पाणी. उंबऱ्यावर आलेला प्रत्येक जण. गणपतीची वर्गणी, आणि कोल्हापुरात तालमी किती आणि मंडळं किती हे तुम्हाला सांगायला नको, एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही, शिवाय शिवजयंती वेगळी, नवरात्र वेगळं. दिवाळीला कामगाराला बोनस. हे सगळं वर्षभराचं एकत्र करून बाराने भागलं की ६,००० कुठं गेले नाहीत. आता झाले ४७,०००, म्हणजे १३९ जोड.

अजून दोन गोष्टी आहेत ज्यांचं बिल कोणीच पाठवत नाही त्यामुळं त्या वहीत येतच नाहीत. फर्निचर, काचा, एसी, बोर्ड, रंग असं मिळून ४ लाख घातले. पाच वर्षं टिकलं तर महिन्याला ६,६६७. पण तीन वर्षांनी मालकाच्या पोराला स्वतःचा धंदा काढायचा म्हणून गाळा सोडावा लागला, तर तेच ११,००० च्या वर जातं, कारण भिंतीला ठोकलेलं लाकूड काढून दुसरीकडं बसत नाही. आणि डिपॉझिट. ३ लाख दिलेत ते परत मिळणार आहेत म्हणून लोक त्याला खर्च धरत नाहीत, पण तेच पैसे ७ टक्क्यानं एफडीत असते तर महिन्याला १,७५० मिळाले असते. हे दोन्ही धरून ५५,४०० आणि १६३ जोड. (करार नोंदवून घ्या तेवढा, महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्ससुद्धा नोंदवावाच लागतो, नुसता नोटरीवर भागत नाही, आणि नोंदणीचा खर्च दर वेळी नव्यानं येतो.)

आता शेवटचं. सकाळी दहा ते रात्री नऊ तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसताय, त्याचं काय? हेच काम दुसऱ्याच्या दुकानात मॅनेजर म्हणून केलं असतं तर पगार मिळाला असता का नाही? २५,००० धरा. झाले ८०,४००. जोड किती, तर २३७. दिवसाला नऊच्या वर.

म्हणजे सही करताना १२१ वाटलेलं गणित खरं तर २३७ चं होतं. मधल्या ११६ जोडांचा खर्च लपलेला आहे, आणि लपलेला म्हणजे कोणी चोरून ठेवलेला नाही, आपणच तो लिहीत नाही.

"आमचं दुकान स्वतःचं आहे" म्हणणाऱ्यांना हेच लागू. आजोबांनी घेतलेला गाळा आहे, भाडं शून्य, त्यामुळं महिन्याला १५,००० उरले तरी धंदा फायद्यात वाटतो. पण तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर २५,००० घरबसल्या आले असते. मग तुम्ही दिवसभर बसून खरं तर १०,००० नी मागं आहात. हे वाक्य मी एकदा एका काकांना बोललो तर ते जरा रागावले, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण दुकान म्हणजे नुसता हिशेब नसतो, रोजची चार माणसं भेटतात, पेठेत नाव असतं. ठीक आहे की. पण मग तो १०,००० चा खर्च आपण आवडीसाठी करतोय हे माहीत असावं.

कोल्हापुरात दोन खर्च आणखी आहेत जे पुण्यातल्या एक्सेल शीटमध्ये सापडणार नाहीत. एक पाऊस. अस्सल कातडी चप्पल पावसात कोणी घालत नाही, त्यामुळं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत विक्री पार खाली येते पण वरचे ८०,४०० आहे तिथंच. तारखेला बांधलेला खर्च म्हणतो तो हाच. म्हणून दिवसाला नऊ जोड ही सरासरी खोटी आहे, उन्हाळ्याची सुट्टी, नवरात्र, दिवाळी या दिवसांत पंधरा-वीस जायला हवेत म्हणजे आषाढ-श्रावण निघतो. शिवाय दमट हवेत कातड्याला बुरशी धरते, माल काढून पुसायचा, तेल लावायचं, परत लावायचा, आणि त्यातले काही जोड सेलमध्येच जातात.

दुसरा महापूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीकडं दुकानांत पाणी शिरलं ते शटर बंद असूनसुद्धा. विमा आहे ना मग काय, असं म्हणतात, पण विम्यात एक गोची आहे ती समजून घ्या. प्रीमियम वाचवायला लोक माल कमी दाखवतात. समजा दुकानात ८ लाखाचा माल आहे आणि विमा ४ लाखाचा. पुरात २ लाखाचं नुकसान झालं. तुम्हाला वाटतं विमा ४ लाखाचा आहे म्हणजे २ लाख पूर्ण मिळणार. नाही मिळत. कंपनी म्हणते तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला होता, म्हणून निम्मंच नुकसान भरून देणार, म्हणजे १ लाख. छोट्या धंद्यांसाठीच्या २०२१ पासूनच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, पण निम्म्याला माफी नाही. वर्षाला दोन-तीन हजार प्रीमियम वाचवला आणि एका दिवसात लाख गेले.

एवढं वाचून वाटेल की मग ऑनलाइनच बरं. थांबा.

तीच चप्पल. ऑनलाइन घासाघीस नाही, त्यामुळं १,२०० ला गेली. आतला जीएसटी काढून १,१४३, त्यातनं ७०० गेले, ४४३ राहिले. दुकानापेक्षा जास्तच की. आता कमिशन आणि फिक्स फी मिळून १५० धरा, शिपिंग ११०. उरले १८३. पॅकिंगचा बॉक्स, टेप, लेबल २५. आणि तुमचा फोटो पहिल्या पानावर दिसावा म्हणून जाहिरात, ती प्रत्येक क्लिकला पैसे खाते, घेतलं नाही तरी खाते, सरासरी ऑर्डरमागं ५० धरा. राहिले १०८. तेही बरेच आहेत असं वाटतं, ना भाडं ना कामगार.

पण हा हिशेब एका जोडाचा आहे आणि ऑनलाइनचा हिशेब एका जोडावर करायचाच नसतो, शंभर ऑर्डरवर करायचा असतो. कारण शंभर पाठवले म्हणजे शंभर विकले असं नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत काही लोक फोनच उचलत नाहीत, काही म्हणतात मी ऑर्डरच केली नाही, काहींकडं त्या दिवशी पैसे नसतात. ते पार्सल तसंच माघारी येतं, त्याला धंद्यातले लोक आरटीओ म्हणतात (गाडीचा आरटीओ वेगळा, डोक्याला ताप दोन्हीचा सारखाच). आणि काही लोक घेतात, घालून बघतात, आणि परत पाठवतात.

समजा शंभरात १५ आरटीओ आणि १० रिटर्न. राहिले ७५. या ७५ वर प्रत्येकी १८३ म्हणजे १३,७२५ मिळाले. पॅकिंग आणि जाहिरात मात्र पूर्ण शंभरावर गेली, ७,५००. उरले ६,२२५. आरटीओचं जायचं ११० आणि यायचं ९०, असे २०० प्रमाणे १५ चे ३,०००. काही प्लॅटफॉर्म आरटीओचं शिपिंग विक्रेत्याकडनं घेत नाहीत, काही घेतात, स्वतःची वेबसाइट असेल तर ते तुमच्याच डोक्यावर, इथं लागतं असं धरलंय. रिटर्नचं येणंजाणं २२० प्रमाणे १० चे २,२००. कमिशन परत मिळालं असं धरतो, म्हणजे ते सोडून दिलं. उरले १,०२५. आता परत आलेल्या २५ जोडांतले समजा चार असे आलेत की तळ मळलाय, पट्ट्याला सुरकुती पडलीय, बॉक्स फाटलाय, नवीन म्हणून विकता येत नाहीत, प्रत्येकी ३०० चा फटका. १,२०० गेले.

हातात राहिले उणे १७५. शंभर ऑर्डर पॅक केल्या, शंभर लेबलं चिकटवली, आणि वरून पावणेदोनशे रुपये आपण घातले.

आता हाच हिशेब आरटीओ १५ ऐवजी ५ धरून करा. विकले गेले ८५, त्याचे १५,५५५, त्यातनं ७,५०० गेले, आरटीओचे १,०००, रिटर्नचे २,२००, आणि खराब मालाचे तेच १,२०० धरले तरी ३,६५५ उरतात. माल तोच, किंमत तीच, कमिशन तेच. म्हणून ऑनलाइनवाल्याला पहिला प्रश्न "कमिशन किती" हा विचारायचा नसतो, "परत किती येतात" हा विचारायचा असतो. आणि लोक नेमका उलटा विचारतात. मीशोनं २०२१ पासून विक्रेत्यांना शून्य कमिशन ठेवलं, अ‍ॅमेझॉननं एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचं कमिशन काढलं, ते चांगलंच झालं, पण वरच्या गणितात बघा, कमिशन हा एक आकडा होता, बाकीचे सगळे तिथंच आहेत.

शिपिंगचं एक समजून घ्या कारण इथं पैसा फार गळतो आणि कळतही नाही. कुरियरवाला फक्त वजन बघत नाही, जागा पण बघतो. बॉक्सची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० नं भागायचं, जे येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. चपलेचा जोड ७०० ग्रॅमचा आहे. तुम्ही तो बुटाच्या रिकाम्या बॉक्समध्ये घातला, ३२ बाय २० बाय १२, तर गुणाकार ७,६८० आणि वजन झालं दीड किलोच्या वर, म्हणजे दोन किलोच्या स्लॅबचा दर. तोच जोड एकावर एक उलटा ठेवून चपट्या बॉक्समध्ये, ३० बाय २२ बाय ६, तर आठशे ग्रॅमच्या आत. कोल्हापुरी चप्पल मुळात चपटी आहे ही किती मोठी सोय आहे, आणि लोक तिला हवा भरून पाठवतात! बुटाचा रिकामा बॉक्स वापरून पाच रुपये वाचले आणि कुरियरला चाळीस जास्त गेले.

याच कारणानं कोल्हापुरातलं काय ऑनलाइन चालेल आणि काय नाही याचा अंदाज घरबसल्या येतो. इमिटेशनचा कोल्हापुरी साज, ठुशी: हलकी, लहान, किंमत बरी, मापाचा प्रश्न नाही. चालतंय. गूळ: एका किलोची किंमत आणि त्याचं कुरियर जवळपास सारखंच, पाच किलोची ढेप तर विसराच, लोकांना गूळ पाहिजे असतो पण गुळाएवढंच कुरियर द्यायला नको असतं. कांदा-लसूण मसाला मधे कुठंतरी, अर्धा किलोच्या आत ठेवला तर निभतं, पण त्याला अन्न परवाना, पाकिटावर निव्वळ वजन, तारीख, एमआरपी, पत्ता, सगळं नीट छापावं लागतं आणि तेल सुटलं तर कुरियरवाला दुसऱ्यांचं पार्सल पण खराब झालं म्हणून तक्रार करतो. गांधीनगरचं कापड ऑनलाइन जातं भरपूर, पण शिवलेले कपडे असले की रिटर्न चपलेपेक्षा वाईट.

चपलेचा रिटर्न का येतो ते बघितलं की दुकानाच्या पगाराचा अर्थ कळतो. हातानं केलेली कातडी चप्पल पहिल्या दिवशी घट्ट लागते. दुकानातला माणूस पट्टा दाबतो, म्हणतो "चार दिवस घाला, पायाला बसते, आता सैल घेतली तर नंतर निघून जाईल," आणि गिऱ्हाईक घेऊन जातं. ऑनलाइनला हे सांगायला कोणी नाही, घट्ट लागली की माणूस थेट परत पाठवतो, आणि पुढच्या वेळी एक नंबर मोठी मागवतो जी खरंच दोन आठवड्यांत सैल होते आणि मग एक स्टार देतो. म्हणजे तो १२,००० चा कामगार नुसता माल दाखवत नव्हता, रिटर्न थांबवत होता. ऑनलाइनला त्याचं काम फोटोनं, मापाच्या तक्त्यानं, पंधरा सेकंदाच्या व्हिडिओनं करावं लागतं, आणि रंगाचं पण तसंच, हातानं कमावलेल्या कातड्याचा रंग दोन जोडांत एक येत नाही, हे आधीच लिहिलं नाही तर "फोटोत वेगळा होता" म्हणून परत. फोटो काढणं, लिहिणं, रात्री साडेअकराला "भैया साईज ८ मिलेगा क्या" ला उत्तर देणं, परत आलेलं पार्सल व्हिडिओ चालू ठेवून उघडणं, कारण आत दुसरीच जुनी चप्पल निघाली तर क्लेमला तोच पुरावा, हे सगळे तास आहेत. घरात बायको पॅकिंग करते, पोरगी लेबलं काढते, त्यांचे पैसे कुणीच धरत नाही.

अडकलेले पैसे दोन्हीकडं असतात, जागा वेगळी. दुकानात डिपॉझिट आणि रॅकवरचा माल, सगळ्या नंबरात आणि सगळ्या रंगात ठेवावा लागतो आणि ११ नंबर वर्षभर बसून राहतो. कापडवाल्याला आणि किराणावाल्याला उधारी वेगळी. ऑनलाइनला पार्सल पोचल्यावर काही दिवसांनी पेमेंट येतं, पाठवल्यापासून धरलं तर पंधरा दिवस सहज जातात. महिन्याला ३ लाखाची विक्री असेल तर दीड लाख कायम बाहेर, आणि धंदा वाढला की तोही वाढतो. १२ टक्क्यानं त्याचं व्याज महिन्याला १,५००. कारागीर मात्र रोख मागतो, आणि त्यानं मागावंच. त्यात मार्केटप्लेस (अ‍ॅमेझॉन, मीशोसारखं) सध्या जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस ०.१ टक्के कापून घेतं. ते पैसे तुमचेच असतात, भरलेल्या टॅक्समध्ये वळते होतात, पण त्यासाठी जुळवाजुळव करायला लागते आणि टॅक्सवाला फी वाढवतो. मी पण वाढवतो, खोटं कशाला बोलू.

आता सगळ्यात मोठा खर्च, जो ऑनलाइनचा असून दुकानाच्या गल्ल्यातनं जातो. हा समजून सांगायला थोडा वेळ लागतो.

छोटा दुकानदार बऱ्याचदा कंपोझिशन स्कीममध्ये असतो. म्हणजे उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घ्यायचा नाही, एकूण विक्रीवर १ टक्का भरायचा, विषय संपला. १,१०० च्या चपलेला ११ रुपये. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या ५ टक्के जीएसटीत, त्याच चपलेला ५२ जातात. आता कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याला मार्केटप्लेसवर विकायची मुभा मिळाली, पण फक्त राज्यातल्या राज्यात. ऑनलाइन गेलात आणि बंगळूर-दिल्लीची ऑर्डर घ्यायची असली तर कंपोझिशन सोडावी लागते, आणि ती एकट्या ऑनलाइन मालाची सुटत नाही, पॅन एक म्हणजे सगळा धंदा रेग्युलरमध्ये. म्हणजे दुकानात महाद्वारातनं आलेल्या गिऱ्हाइकाला विकलेल्या जोडाला पण आता ११ च्या जागी ५२. गिऱ्हाईक तर तुम्हाला १,१०० च देणार. फरक ४१ चा, महिन्याला २०० जोड दुकानातनं जात असतील तर ८,२०० रुपये. ऑनलाइनवर महिन्याला चार-पाच हजार सुटले म्हणून माणूस खूश असतो आणि तिकडं गल्ल्यातनं आठ हजार गळलेले असतात, दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानावर असल्यामुळं कधी भेटतच नाहीत. रेग्युलरमध्ये भाड्यावरचा, कमिशनवरचा जीएसटी वजा मिळतो, त्यामुळं काही भरून निघतं, मालक जीएसटीत असेल आणि भाड्यावर १८ टक्के लावत असेल तर बरंच निघतं. म्हणून घाबरून नाही म्हणू नका, पण जायच्या आधी मांडून बघा.

आपल्याला तर हे जास्तच लागतं, कारण आपली बाजारपेठ अर्धी सीमेपलीकडं कर्नाटकात आहे. निपाणीचा माणूस एसटीनं येऊन दुकानातनं चप्पल घेऊन गेला तर ती कोल्हापुरातली विक्री. त्याच माणसाला तोच जोड पार्सल केला की ती आंतरराज्य, भले अंतर तासाभराचं का असेना. आणि जे दुकानदार ४० लाखाच्या आत आहेत म्हणून जीएसटी नंबरच काढलेला नाही, त्यांनाही मार्केटप्लेसवरनं राज्याबाहेर विकायचं झालं की पहिल्या जोडापासून नंबर लागतो, उलाढाल कितीही लहान असो.

उलट बाजूनं पण तसंच होतं. दुकान असलेला माणूस ऑनलाइन सुरू करतो तेव्हा माल दुकानात ठेवतो, पॅकिंग दुकानातला कामगार दुपारच्या मोकळ्या वेळात करतो, वायफाय, लाईट, प्रिंटर दुकानाचा. म्हणून ऑनलाइनच्या वहीत खर्च दिसतच नाही आणि ते फायद्यात दिसतं. मग तो म्हणतो आता दुकान बंदच करतो, नुसतं ऑनलाइन ठेवतो. बंद केलं की कळतं गोडाऊन भाड्यानं घ्यायला लागतंय, पॅकिंगला माणूस लागतोय, आणि ज्या टुरिस्टनं दुकानात चप्पल पायात घालून नंतर पुण्याहून दोन जोड मागवले होते, तो पण आता नाही.

महापुरानं दुकानवाला बुडतो आणि ऑनलाइनवाला वाचतो असंही नाही बरं का. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला तेव्हा माल वरच्या मजल्यावर सुका असूनसुद्धा गावाबाहेर पार्सल जात नव्हतं. सिस्टीमला पंचगंगेची पातळी कळत नाही, तिला फक्त "वेळेत पाठवलं नाही" एवढं कळतं, आणि रेटिंग खाली गेलं की पुढचे आठवडे जाहिरातीवर जास्त घालून ते वर आणावं लागतं. अशा वेळी पाणी वाढायला लागलं की लगेच अकाऊंट सुट्टीवर टाकायचं, बहुतेक प्लॅटफॉर्मवर तशी सोय असते. राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण तशीही दिवसातनं चार वेळा बघतोच.

मग करायचं काय, तर मी लोकांना दोन वह्या करायला लावतो. एक दुकानाची, एक ऑनलाइनची, आणि जे खर्च दोघांचे आहेत ते वाटून टाकायचे. कामगार दिवसातले दोन तास पॅकिंग करतो तर त्या दोन तासांचा पगार ऑनलाइनच्या वहीत. एक रॅक ऑनलाइनच्या मालाला दिलाय तर तेवढ्या जागेचं भाडं पण तिकडंच. स्वतःचा पगार दोन्हीकडं. स्वतःचा गाळा असेल तर त्याचं बाजारभावानं भाडं लिहायचं, द्यायचं नाही, नुसतं लिहायचं. ऑनलाइनच्या वहीत "पाठवले" आणि "राहिले" असे दोन रकाने, आणि नफा काढायचा तो "राहिले" वरनं. तीन महिने असं लिहिलं की चित्र स्वच्छ होतं, मात्र ते तीन महिने पावसाचे नसावेत.

ज्यांचं चांगलं चाललंय त्यांच्या वह्यांत मला बहुतेक एकच नमुना दिसतो. नवीन गिऱ्हाईक दुकानात तयार होतं, नवरात्रात नाहीतर मे महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं, आणि त्याचं माप, नंबर दुकानदारानं लिहून ठेवलेला असतो. पुढचा जोड ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतं, पैसे आधी युपीआयनं येतात, पार्सल स्पीड पोस्टनं जातं. कमिशन नाही, क्लिकचे पैसे नाहीत, माप माहीत असल्यामुळं रिटर्न क्वचित, आणि पैसे आधीच दिलेत म्हटल्यावर घ्यायला नाही कोण म्हणत नाही. वरच्या १,२०० च्या गणितात शिपिंग ११० आणि पॅकिंग २५ एवढंच गेलं तर ३०८ उरतात. दुकानातल्या ३४० च्या जवळपास, आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या गर्दीत शंभर ऑर्डरी मिळून उणे १७५ वर आल्या होत्या. फक्त ते गिऱ्हाईक निपाणी-बेळगावचं निघालं तर पार्सल करायच्या आधी वर सांगितलेलं कंपोझिशनचं बघा.